उसने अवसान : चिकोरी, कॅफिन आणि खेळाडूची अपेक्षा

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील नगर मंदिरांसाठी, विड्याच्या पानांसाठी आणि बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम उत्सवासाठी प्रसिद्ध आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे शालेय शिक्षण येथेच झाले. मराठी वाचकाला हे गाव परके वाटण्याचे कारण नाही. एकोजी भोसल्यांनी स्थापन केलेल्या तंजावरच्या मराठी राज्यात ते मोडत असे, आणि मराठी बोलणारी जुनी घराणी त्या परिसरात आजही आहेत. प्रस्तुत प्रकरणात मात्र या गावाचे स्मरण करावयाचे ते तेथील कॉफीच्या निमित्ताने.

‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ हे नाव तमिळनाडूच्या हमरस्त्यांवरील कितीतरी पाट्यांवर दिसते. या ‘डिग्री’चा उगम काय, याविषयी दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, दुधात पाणी घातले आहे की नाही हे लॅक्टोमीटरच्या अंशांवरून ठरविले जाई, आणि त्या परीक्षेस उतरलेल्या निर्भेळ दुधाची कॉफी ती डिग्री कॉफी. दुसरे मत असे की, ‘चिकोरी’ या शब्दाचाच तो तमिळ जिभेवर झालेला अपभ्रंश आहे. यांपैकी खरे कोणते ते भाषापंडितांनी ठरवावे. आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरे मत अधिक उपयोगाचे, कारण आपली कथा चिकोरीपासूनच सुरू होते.

चिकोरी हे एका लहान झुडपाचे मूळ. ते वाळवून, भाजून, दळले म्हणजे कॉफीसारखीच गडद, कडवट आणि किंचित गोडसर चवीची पूड मिळते. ती मिसळल्याने डिकाशन दाट होते व त्याला रंग चढतो. दक्षिणेतील पुष्कळांना चिकोरीवाचून कॉफी फिकी वाटते. भारतातील कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते. म्हणजे उरलेला ४९ टक्क्यांपर्यंतचा भाग चिकोरीचा असू शकतो. आता महत्त्वाची गोष्ट ही की, चिकोरीत कॅफिन मुळीच नसते. कॉफीला जे गुण म्हणून आपण ओळखतो, म्हणजे झोप उडविणे, मरगळ घालविणे, हुशारी आणणे, ते ज्या द्रव्याचे कार्य आहे ते या मुळात नाही. तरीही पितळी दवऱ्यातून टंबलरमध्ये आणि टंबलरमधून दवऱ्यात उंच धार धरून फेसाळविलेल्या त्या पेयाचा पहिला घोट घेताच माणसाला तरतरी येते. पोटातील कॅफिनचे रक्तातील प्रमाण शिगेला पोहोचण्यास साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. पहिल्या घोटाची तरतरी तर त्याच क्षणी येते. ती कोठून येते?

वैद्यकशास्त्रात याचे उत्तर देण्यासाठी एक जुना शब्द आहे : प्लॅसिबो. मूळ लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मी संतुष्ट करीन’ असा होतो. ज्या पदार्थात औषधी गुण नाही, पण जो घेणाऱ्याला औषध म्हणून दिला जातो, तो प्लॅसिबो. आपण त्याला आभासी औषध म्हणू. आणि असा पदार्थ घेतल्यानंतर केवळ अपेक्षेमुळे, सवयीमुळे किंवा उपचाराच्या वातावरणामुळे शरीरात जो खरा बदल घडतो, तो प्लॅसिबो परिणाम. औषध आभासी असते, परिणाम आभासी नसतो. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण या विषयावरील पुष्कळसा गोंधळ तो विसरल्याने झाला आहे.

या परिणामाची पारख करण्याची युक्ती दोन शतकांहून जुनी आहे. अमेरिकेतील एलिशा पर्किन्स या वैद्याने १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्यांचे पेटंट घेतले. त्या दुखऱ्या भागावरून ओढल्या की वेदना निघून जातात असा त्याचा दावा होता. इंग्लंडमधील बाथ येथे जॉन हेगार्थ यांनी १७९९ मध्ये तशाच दिसणाऱ्या लाकडी कांड्या करवून रुग्णांवर चालविल्या, आणि गुण तसाच आला! तंजावरच्या गादीवर सरफोजीराजे दुसरे बसले त्याच्या दुसऱ्याच वर्षीची ही गोष्ट. पुढे त्यांनी आपल्या धन्वंतरी महालात निरनिराळ्या परंपरांतील वैद्यांकडून औषधांची पारख करविली आणि रोग्यांच्या नोंदी ठेवविल्या, हे येथे सहज आठवते. औषधाने काय केले व मनाने काय केले, हे वेगळे करण्याची निकड त्या काळी जगाच्या अनेक कोपऱ्यांत जाणवू लागली होती.

विसाव्या शतकात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने १९५५ मध्ये प्लॅसिबोच्या सामर्थ्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याच बीचरने जीन स्मिथ यांच्यासह १९५९ मध्ये अॅम्फेटामिन या उत्तेजकाचा धावपटू, जलतरणपटू आणि फेकीचे खेळाडू यांच्यावरील परिणाम तपासला, हे तितकेसे सर्वश्रुत नाही. औषधाची व नुसती गोळी यांची तुलना तेथे केलेली होती. धावणे आणि पोहणे यांत खऱ्या औषधाने झालेली सुधारणा शेकडा अर्धा ते दीड इतकीच होती. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांनी ५५.४२ सेकंद वेळ नोंदविली आणि त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या एक शतांशाने हुकले. त्या वेळेचा शेकडा एक भाग म्हणजे अर्ध्या सेकंदाहून अधिक. शतांश सेकंदांच्या जगात अर्धा टक्का ही मोठी जहागीर आहे, आणि तेवढी जहागीर केवळ विश्वासाच्या बळावर मिळते काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

याचे पहिले ठसठशीत उत्तर १९७२ मध्ये एरियल आणि सॅव्हिल या दोघांनी दिले. वजने उचलण्याचा चांगला सराव असलेल्या सहा महाविद्यालयीन खेळाडूंना त्यांनी सांगितले की, तुम्हाला स्नायूवर्धक स्टेरॉइड दिले जात आहे. प्रत्यक्षात गोळ्या निष्क्रिय होत्या. गोळ्यांच्या चार आठवड्यांत या तरुणांच्या ताकदीत झालेली वाढ त्याआधीच्या सात आठवड्यांतील वाढीपेक्षा पुष्कळ अधिक भरली. २००० साली मॅगॅनारिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय दर्जाच्या अकरा शक्तिउत्तोलकांवर असाच प्रयोग केला, पण त्याला एक पुढचा अंक जोडला. त्वरित काम करणारे स्टेरॉइड म्हणून साधी गोळी दिल्यावर सर्वांनी पूर्वीपेक्षा अधिक वजन उचलले. नंतर निम्म्या खेळाडूंना खरे काय ते सांगून टाकले. सत्य कळलेल्यांची वाढलेली ताकद जवळजवळ पूर्वपदावर आली. ज्यांना काहीच सांगितले नव्हते त्यांची टिकून राहिली. आपल्या भाषेतील ‘उसने अवसान’ हा शब्दप्रयोग येथे अक्षरशः लागू पडतो. उसने घेतलेले परत करावे लागले.

आता कॅफिनकडे वळू. ख्रिस्तोफर बीडी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये सहा कसलेल्या सायकलपटूंना दहा किलोमीटरची वेळेविरुद्धची शर्यत अनेकदा करावयास लावली. त्यांना सांगण्यात आले होते की, एका खेपेस निष्क्रिय गोळी, एका खेपेस शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे साडेचार मिलिग्रॅम कॅफिन आणि एका खेपेस नऊ मिलिग्रॅम कॅफिन दिले जाईल. प्रत्यक्षात तिन्ही खेपांस निष्क्रिय गोळीच दिली. आपण निष्क्रिय गोळी घेतली असे मानणाऱ्यांची शक्ती मूळ पातळीहून १.४ टक्क्यांनी घटली. साडेचार मिलिग्रॅम घेतल्याची समजूत असताना ती १.३ टक्क्यांनी वाढली. आणि नऊ मिलिग्रॅमची समजूत असताना ३.१ टक्क्यांनी. मात्रा नसलेल्या औषधाची मात्रा वाढविली आणि गुणही त्या प्रमाणात वाढला! (सायकलवर शक्ती तीन टक्क्यांनी वाढली म्हणजे वेळ तीन टक्क्यांनी घटते असे नव्हे, हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढत असल्याने वेळेतील लाभ साधारण एक टक्क्याच्या आसपास राहतो. तोही थोडका नव्हे.)

या निष्कर्षाने एखादा उत्साही वाचक असे म्हणेल की, मग कॅफिन म्हणजे निव्वळ समजूत. हा निष्कर्ष उतावळेपणाचा ठरेल. समजूत आणि द्रव्य यांचा वाटा वेगळा कसा काढतात, हे पाहण्यासाठी आपण कुंभकोणमच्या मैदानावर एक काल्पनिक प्रयोग मांडून पाहू.

समजा, गावातील मध्यम पल्ल्याचे काही धावपटू गोळा केले आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी चार वेळा धावावयास सांगितले. धावण्यापूर्वी तासभर आधी प्रत्येकाला दूध-साखर घातलेला एक पेला द्यावयाचा. एके दिवशी पेल्यात खरी कॉफी, आणि सांगणेही ‘ही कॉफी आहे’ असे. दुसऱ्या दिवशी पेल्यात निव्वळ चिकोरी, पण सांगणे ‘कॉफी आहे’. तिसऱ्या दिवशी पेल्यात कॉफी, सांगणे मात्र ‘ही नुसती चिकोरी’. चौथ्या दिवशी चिकोरी, आणि सांगणेही चिकोरीच. दिवसांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा, म्हणजे सरावाने किंवा थकव्याने होणारा फरक एकाच पेल्याच्या पदरात पडणार नाही. पेले देणाऱ्यालाही आत काय आहे ते ठाऊक नसावे. नाहीतर त्याच्या चेहऱ्यावरून, आवाजातील उत्साहावरून धावपटू ताडेल. तिसऱ्या दिवसातून चौथा वजा केला तर विश्वासाची भेसळ नसलेले कॅफिनचे कार्य कळते. दुसऱ्यातून चौथा वजा केला तर कॅफिनची भेसळ नसलेले विश्वासाचे कार्य कळते. आणि पहिल्या दिवसाचा लाभ या दोहोंच्या बेरजेइतका आहे, कमी आहे की अधिक, यावरून ही दोन बळे एकमेकांना हात देतात की एकमेकांची जागा घेतात, हेही समजते.

या योजनेला संतुलित प्लॅसिबो रचना म्हणतात. फोड, बीडी आणि कोलमन यांनी २००८ मध्ये ४० किलोमीटर सायकल शर्यतीसाठी चौदा सायकलपटूंवर ती वापरली. तेथे खऱ्या कॅफिनने शक्ती सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढली; अपेक्षेचा स्वतंत्र वाटा त्याहून पुष्कळच लहान निघाला. आधीच्या सहाजणांवरील प्रयोगाने उभे केलेले चित्र असे थोडे मवाळ करावे लागले. शास्त्राचा व्यवहार हा असाच चालतो, आणि एकाच प्रयोगाचा आकडा पाठ करून सभा जिंकणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आपल्या काल्पनिक प्रयोगात एक अडचण मात्र राहतेच. कुंभकोणमच्या माणसाची जीभ! दूध-साखर कितीही घातली तरी निव्वळ चिकोरीचा पेला तो ओळखण्याचा संभव मोठा आहे. ओळखले की प्रयोगाचा पाया खचला. ही अडचण केवळ आपलीच नव्हे. ब्राझीलमध्ये सॉन्डर्स व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये ४२ सायकलपटूंना कॅफिन किंवा निष्क्रिय कॅप्सूल दिली आणि तुम्ही काय घेतले असे तुम्हाला वाटते, हे त्यांनाच विचारले. ज्यांनी कॅफिन बरोबर ओळखले त्यांना अधिक लाभ झाला; निष्क्रिय कॅप्सूल घेऊनही आपण कॅफिन घेतले असे ज्यांना वाटले त्यांची कामगिरी सुधारल्यासारखी दिसली; आणि आपण निष्क्रिय कॅप्सूल घेतली हे ज्यांनी ओळखले त्यांची खालावल्यासारखी. म्हणून खेळाडूचा तर्क काय होता हे विचारल्याशिवाय अशा प्रयोगांचे निकाल वाचू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अपेक्षेने स्नायूंत बळ येते तरी कसे? स्नायूंत नवे इंधन तर येत नाही. येथे थकव्याविषयीच्या आपल्या समजुतीकडे पाहावे लागते. थकवा म्हणजे स्नायूंतील साठा संपणे, अशी जुनी कल्पना. पण धावपटू शेवटच्या फेरीत वेग वाढवितो, तेव्हा त्याच्याजवळ काहीतरी शिल्लक असते हे उघडच आहे. दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की, मेंदू नेहमीच काही हातचे राखून ठेवतो. हृदयाला किंवा अन्य अवयवांना इजा होण्यापूर्वीच तो थकव्याची संवेदना वाढवून हात आखडता घेतो. हा सिद्धान्त सर्वांना मान्य नाही, पण राखीव साठ्याची कल्पना उपयुक्त आहे. अपेक्षा ही त्या साठ्याच्या कुलपाची एक किल्ली असावी.

इटलीतील तुरिन येथील फाब्रिझिओ बेनेदेत्ती आणि त्यांचे सहकारी यांनी या कुलपाची आतील रचना तपासली. पोल्लो, कार्लिनो आणि बेनेदेत्ती यांच्या २००८ मधील प्रयोगात मांडीच्या स्नायूंनी वजन उचलणाऱ्यांना कॅफिनची मोठी मात्रा म्हणून निष्क्रिय पेय दिले. केवळ सांगण्याने काम ११.८ टक्क्यांनी वाढले, पण थकव्याची जाणीव कमी झाली नाही. मग दुसऱ्या गटात एक क्लृप्ती योजिली. पेय दिल्यानंतर त्यांच्या नकळत वजन हलके केले, म्हणजे त्यांना ‘पेयाचा गुण’ प्रत्यक्ष अनुभवास आला. काही खेपांनंतर वजन पुन्हा मूळ इतके केले, तेव्हा त्यांचे काम २२.१ टक्क्यांनी वाढले आणि थकव्याची जाणीवही ७.८ टक्क्यांनी घटली. नुसत्या शब्दापेक्षा अनुभवाने पटलेला शब्द अधिक बलवान ठरला. वर्षानुवर्षे सकाळी कॉफी घेणाऱ्याला पहिल्या घोटातच तरतरी का येते, याचे स्पष्टीकरणही येथेच आहे. वास, उष्णता, पितळेचा स्पर्श आणि त्यानंतर येणारी कॅफिनची हुशारी यांची सांगड शरीराने शेकडो वेळा घातलेली असते. पाव्हलोव्हच्या कुत्र्याने घंटा आणि अन्न यांची घातली होती तशीच.

त्याआधी २००७ मध्ये बेनेदेत्ती, पोल्लो आणि कोल्लोका यांनी याहून धाडसी प्रयोग केला होता. सहनशक्तीच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्यांना सरावाच्या दिवशी मॉर्फिन टोचले आणि स्पर्धेच्या दिवशी, मॉर्फिनच आहे असे सांगून, निष्क्रिय द्रव टोचला. वेदना सोसण्याची त्यांची मुदत वाढली. नॅलॉक्सोन हे अफूवर्गीय द्रव्यांचे कार्य रोखणारे औषध सोबत दिले तेव्हा मात्र ही वाढ नाहीशी झाली. अर्थात शरीराने स्वतःचीच अफूसदृश वेदनाशामके स्रवविली होती. येथून एक विलक्षण पेच निर्माण होतो. मॉर्फिनसारखी मादक वेदनाशामके स्पर्धेच्या काळातच निषिद्ध असतात. सरावाच्या काळात नाहीत. मग ज्याने सरावात मॉर्फिन घेतले आणि स्पर्धेच्या दिवशी केवळ पाणी टोचून घेतले, त्याच्या मूत्रात काहीच सापडणार नाही. तो दोषी की निर्दोष? प्रयोगकर्त्यांनी हा प्रश्न आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारला आहे. कॅफिनचा स्वतःचा इतिहासही याबाबतीत गमतीचा आहे : १९८४ मध्ये ठरावीक प्रमाणाबाहेरचे कॅफिन ऑलिंपिकच्या निषिद्ध यादीत गेले आणि २००४ च्या आरंभी ते यादीतून बाहेर आले.

अपेक्षा जशी तारते तशी मारतेही. बीडी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सांघिक खेळांच्या ४२ खेळाडूंना ३० मीटरच्या धावा काढावयास लावल्या. एकाच निष्क्रिय गोळीविषयी निम्म्यांना चांगले सांगितले, निम्म्यांना वाईट. वाईट ऐकलेल्यांचा वेग मंदावला. या उलट्या परिणामाला नोसिबो म्हणतात. आपल्या नेहमीच्या तालमीतील माती, नेहमीचा खुराक, गळ्यातला काळा गोफ यांवाचून कुस्तीस उतरावे लागलेल्या मल्लाचा धीर का खचतो, हे समजण्यास कोल्हापूरच्या कोणत्याही वस्तादाला तुरिनच्या प्रयोगशाळेत जाण्याची गरज पडणार नाही. बदामाच्या थंडाईत पोषण आहेच. पण ती लढतीपूर्वी पिण्यात जे बळ मिळते ते सगळेच बदामाचे नसते.

येथपर्यंत वाचून प्लॅसिबो म्हणजे रामबाण अशी समजूत होण्याचा धोका आहे, म्हणून विरुद्ध पक्षही मांडला पाहिजे. हुबियार्टसन आणि गॉट्शे यांनी २००१ मध्ये वैद्यकातील अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या ज्यांत काहीच उपचार न मिळालेला गटही होता. मोजता येण्याजोग्या लक्षणांवर प्लॅसिबोचा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. वेदनेसारख्या, रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असलेल्या बाबतींत थोडासा दिसला. बीचरच्या गाजलेल्या आकड्यांत आपोआप बरे होणारे रुग्णही ‘प्लॅसिबोने बरे झाले’ म्हणून मोजले गेले होते. खेळातही तसेच घडते. वाईट दिवसानंतर खेळाडू गोळी घेतो, पुढचा दिवस स्वाभाविकच बरा जातो आणि श्रेय गोळीला मिळते. शिवाय बहुतेक प्रयोगांतील खेळाडूंची संख्या बोटांवर मोजण्याजोगी. हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ३२ अभ्यास आणि १,५१३ सहभागी यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा परिणाम आहे हे दिसले, पण तो लहान ते मध्यम आकाराचा. आणि नोसिबोही जवळजवळ तितकाच.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा असता तर एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ सालच्या आकडेवारीत भारताच्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ३.८ टक्के नमुने दोषी आढळले, आणि मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. जिल्हा पातळीवरील एखाद्या मुलाला, नोकरीच्या खेळाडू-कोट्याची आशा असलेल्या मुलीला, सुई किंवा डब्यातील पूड हा यशाचा एकमेव मार्ग वाटतो, तेव्हा तिच्या खर्चातील किती भाग द्रव्याचा आणि किती भाग विश्वासाचा, हे कोणी तिला सांगत नाही. ग्लासगो येथे रॉस, ग्रे आणि गिल यांनी २०१५ मध्ये धावपटूंना रक्तवर्धक म्हणून मिठाचे साधे पाणी टोचले. तीन किलोमीटरची त्यांची वेळ १.२ टक्क्यांनी सुधारली. ही सुधारणा कोणत्याही दुकानात विकत मिळणारी नव्हती. तिच्यासाठी यकृत, हृदय किंवा खेळण्याचा हक्क पणाला लावावा लागला नाही.

मग प्रशिक्षकाने आपल्या शिष्याला खोटेच सांगावे काय? मॅगॅनारिस यांच्या खेळाडूंचे काय झाले ते आपण पाहिले : खोटे उघड झाले की बळ जाते, आणि बळाबरोबर गुरूवरील विश्वासही जाईल, जो परत मिळविणे फार कठीण. त्याहून वाईट हे की, आज निष्क्रिय गोळीला स्टेरॉइड म्हणून स्वीकारणारा तरुण उद्या खऱ्या स्टेरॉइडला नकार देण्यास शिकलेला नसतो. या कोंडीतून बाहेर पडण्याची एक अनपेक्षित वाट सॉन्डर्स यांच्या गटानेच २०१९ मध्ये दाखविली. २८ सराव झालेल्या महिला सायकलपटूंना त्यांनी कॅप्सूल दिल्या आणि त्यांत काहीही नाही हे उघडपणे सांगितले. मात्र अशा कॅप्सूलनेही कामगिरी सुधारू शकते, एवढे समजावून दिले. एक किलोमीटरच्या शर्यतीत त्यांची सरासरी कामगिरी कॅप्सूल न घेतलेल्या खेपेपेक्षा सरस ठरली. सर्वांचीच सुधारली असे नाही, आणि एकाच प्रयोगावर इमारत रचणे योग्यही नव्हे. पण त्या कॅप्सूलविषयी त्या सायकलपटूंपासून काहीही लपविलेले नव्हते, आणि तरी काहींचे पाय अधिक वेगाने फिरले.